फूल कोणाचे?

देवाकरिता फूल तोडावे की तोडू नये, हा प्रश्न आपल्या वाडवडिलांना पडल्याचे आमच्या ऐकिवात नाही. फुलाचा जन्मच देवाच्या पायांशी जाण्याकरिता, अशी त्यांची सरळ समजूत होती. सूर्यास्तानंतर झाडाला हात लावू नये, कळी खुडू नये, एवढी मर्यादा ते पाळीत आणि निश्चिंत असत. अलीकडे मात्र या प्रश्नाला तोंड फुटले आहे. महाराष्ट्रात व गोव्यात देशी वनस्पतींचा अभ्यास करणारी लहानमोठी मंडळे निघाली आहेत. महिन्यातून एखादी सभा, उन्हाळ्यात बिया गोळा करण्याची व रोपे तयार करण्याची शिबिरे, आणि आषाढापासून आश्विनापर्यंत रानफुले पाहण्यासाठी डोंगरपठारांवर सहली, असा त्यांचा साधारण क्रम असतो. सहलीस निघताना पहिला नियम सांगितला जातो तो असा की, फूल पाहावे, त्याचे नाव विचारावे, हवे तर छायाचित्र घ्यावे. पण तोडू नये. याच दिवसांत, याच डोंगरावर, चतुर्थीच्या आदल्या दिवशी आपल्यापैकी कोणी पत्रीसाठी परडी घेऊन गेलेला असतो. दोघेही आपापल्या परीने त्या फुलाचे भक्त असतात, आणि दोघेही एकमेकांकडे किंचित संशयाने पाहतात. यांपैकी कोणाची बाजू खरी, याचा विचार देवस्थानांशी नाते असलेल्या आपल्या समाजाने तरी करावयास हवा, असे आम्हांस वाटते.

आमचा व्यवसाय वकिलीचा. तेव्हा प्रथम कायद्याचे दार ठोठावणे ओघानेच आले. १८६० च्या दंडसंहितेत चोरीच्या व्याख्येखाली एक स्पष्टीकरण दिलेले होते. जी वस्तू जमिनीस जडलेली आहे, ती तशी जडलेली असेपर्यंत जंगम मालमत्ता नव्हे, म्हणून ती चोरीचा विषय होत नाही. जमिनीपासून सुटी झाली की त्या क्षणापासून ती चोरीस पात्र होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही हे स्पष्टीकरण कायम ठेवले आहे. याचा अर्थ असा की, फूल देठावर डोलत आहे तोवर चोरीच्या कलमाला ते दिसतच नाही. देठ तुटला की दिसू लागते. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा. त्यात वनस्पतींसाठी स्वतंत्र प्रकरण १९९१ साली घातले गेले, आणि त्याखालच्या पहिल्या सूचीत घटपर्णी, निळा वांडा, कुठ अशी अवघी सहा नावे होती. बाकीच्या सहस्रावधी वनस्पतींनी कोणाकडे पाहावे? कायद्याला दोष देण्याकरिता आम्ही हे लिहीत नाही. मालमत्तेच्या भाषेत बोलणाऱ्याला जिवंत फुलाविषयी फारसे बोलता येत नाही, एवढेच आम्हांस दाखवावयाचे आहे.

कायद्याने हात टेकल्यावर आम्ही काव्याकडे वळतो, आणि काव्याकडे वळलेल्या माणसाला उज्जयिनी टळत नाही. मेघाची वाट मुद्दाम वाकडी करून ज्या कवीने त्यास उज्जयिनीवरून नेले, त्याच्याच दोन ग्रंथांत आपल्या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. मेघदूताच्या आरंभी यक्ष मेघाला अर्घ्य देतो ते ताज्या कुटजाच्या फुलांचे. कुटज म्हणजे आपला कुडा, कोकणीतला कुडो. आषाढाच्या तोंडी रामगिरीवर जे रानफूल हाताशी होते ते तोडून त्याने अतिथीस वाहिले. त्यात कवीला काही अनुचित वाटले नाही. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात मात्र कण्व तपोवनातील वृक्षांना सांगतात की, तुम्हांला पाणी घातल्यावाचून जी स्वतः पाणी पीत नसे, अलंकारांची हौस असूनही तुमच्यावरील मायेने जी एक पालवीही खुडीत नसे, ती आज सासरी निघाली आहे. येथे न तोडणे हेच प्रेमाचे लक्षण. पण याच अंकातील आणखी एक गोष्ट आपण सहसा विसरतो. शकुंतलेच्या पाठवणीसाठी कण्वांचे शिष्य फुले आणावयास जातात, तेव्हा वृक्षच तिला वस्त्र देतात, पायांना लावावयास लाक्षारस देतात, आणि वनदेवता फांद्यांतून हात काढून दागिने पुढे करतात. जिने कधी ओरबाडले नाही, तिला झाडाने आपण होऊन दिले. तेव्हा कवीचा कटाक्ष घेण्यावर नसून घेणारा कोण आहे यावर आहे, असे आम्ही समजतो.

ही समजूत खरी की नुसती काव्यातली, हे पाहण्यास उज्जयिनीच्या उत्तरेस शिप्रेच्या काठी असलेले भैरवगढ फार उपयोगी आहे. उज्जैन आपल्या वाचकांना परके नाही. अठराव्या शतकात महाकाळाचे देऊळ पुन्हा उभे केले ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी, हे आपल्या समाजात अभिमानाने सांगितले जाते. भैरवगढास यात्रेकरू जातो तो काळभैरवाकरिता, आणि तेथून सिद्धवटाच्या घाटावर पितरांचे कार्य करण्याकरिता. (आमच्या व्यवसायातील मंडळींना त्या गावाची तिसरीही एक ओळख आहे, ती तेथील मध्यवर्ती तुरुंगाची, पण तो विषय निराळा.) प्रयागचा अक्षयवट, वृंदावनचा वंशीवट, गयेचा वट आणि हा सिद्धवट, असे चार वट आपण पवित्र मानतो. पार्वतीने हा लावला अशी श्रद्धा आहे. मोगल अमदानीत तो तोडून त्याच्या बुंध्यावर लोखंडाचे जाड तवे ठोकले, आणि ते तवे भेदून वटाला पुन्हा अंकुर फुटले, अशी आख्यायिका तेथे सांगतात.

याच भैरवगढात छिपा कारागिरांची कापडछपाईची जुनी परंपरा आहे. आज तेथे मेणाच्या बाटिकचे काम अधिक दिसते. परंतु माळव्यातील छपाईचा जुना तांबडा रंग एका वनस्पतीच्या मुळीतून येत असे. तिला तिकडे आल म्हणतात. आपल्याकडे बारतोंडी म्हणून जे झाड ओळखतात, ते याच कुळातले. अठराव्या शतकाच्या अखेरीस शिंद्यांच्या दरबारी असलेल्या इंग्रज वकिलाबरोबर विल्यम हंटर नावाचा शल्यवैद्य उज्जैनला आला होता. माळव्यातील या झाडाच्या लागवडीवर व उपयोगांवर त्याने लिहिलेला निबंध ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या चौथ्या खंडात छापलेला आहे. शेतकरी बी पेरी, तीन-चार वर्षे झाड वाढवी, मग जमीन खोल खणून ते मुळासकट उपटी. रंग मुळीच्या सालीत असल्यामुळे झाड राखून रंग काढण्याची सोयच नव्हती. आजच्या सहलीतील नियमाने पाहिले तर याहून मोठा अपराध नाही. फूल नव्हे, पान नव्हे, समूळ झाडच मारावयाचे! आणि तरीही माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या त्याची शेते उभी राहिली. पुढे १८६८ साली ग्रेबे व लीबरमान या दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी अ‍ॅलिझरिन हे तांबडे रंगद्रव्य प्रयोगशाळेत तयार केले. पाहता पाहता तो स्वस्त रंग जगभर पसरला. आता ते झाड उपटण्याचे कोणास कारण उरले नाही, आणि उपटण्याचे कारण न उरल्याबरोबर पेरण्याचेही उरले नाही. जे शेकडो वर्षांच्या कुदळीने झाले नाही, ते विस्मरणाने थोड्या काळात केले. झाड समूळ नष्ट झाले असे नाही. रानात, बांधावर ते आहे. परंतु त्याच्या शेजारून जाणाऱ्या यात्रेकरूस, याच्या मुळीने आपल्या आजीचे लुगडे रंगले असेल, हे सांगणारा कोणी उरला नाही.

या उदाहरणावरून कोणी असे म्हणेल की, मग खुशाल तोडा, वापर होईल तेवढे झाड टिकेल. तसा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. दसऱ्याचा आपटा पाहा. सीमोल्लंघनाच्या आदल्या दिवशी शहरांतील बाजारांत आपट्याच्या फांद्यांचे ढीग पडतात. त्यांत पुष्कळदा आपट्याऐवजी कांचनच असतो, आणि सोने म्हणून तो सर्रास वाटला जातो. घेणाऱ्याला दोन्हींतला भेद कळत नाही. तोडणाऱ्याला कळला तरी त्याचे त्यावाचून अडत नाही. गणपतीच्या पत्रीचीही तीच कथा. माका, आघाडा, डोरली, शमी, विष्णुक्रांता ही नावे पुरोहित म्हणतो, यजमान पुडीतले हाताला लागेल ते पान वाहतो. एकवीस नावे आणि एकवीस पाने यांची गाठ पडलीच पाहिजे, असे दोघांनाही वाटत नाही. आल पेरणाऱ्याने झाड मारले, पण तो त्याला ओळखत होता, त्याचे बी त्याच्या घरात होते, पुढील पावसाळ्यात ते पुन्हा लावावयाचे त्याच्या मनात होते. आपट्याची फांदी छाटून मालमोटारीत टाकणाऱ्याचा त्या झाडाशी तेवढ्या दिवसापुरताही संबंध नसतो. हात दोघांचाही पडला. पण पहिल्याचा हात परत त्या मातीकडे गेला.

वहीवाल्या मंडळींसही आम्हांस दोन शब्द सांगावयाचे आहेत. न तोडण्याचा नियम पाळला म्हणजे आपण निर्दोष झालो, असे त्यांनी समजू नये. साताऱ्याजवळचे कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आले आणि तेथे लोटणाऱ्या गर्दीस सीमा राहिली नाही. तेथील सीतेची आसवे हे निळेजांभळे फूल वीतभरही उंच नसते. ते तोडावयास कोणी वाकत नाही. त्याच्यावर बसून चित्र काढून घेणारे मात्र पुष्कळ. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. तिची ती वेळ कोणाच्या जोड्याखाली गेली तर पुढील वेळेस आणखी सात वर्षे. उलट, वनस्पतिशास्त्रज्ञ फूल तोडतो, कागदात दाबून ठेवतो, आणि त्याखाली स्थळ, दिवस व नाव लिहितो. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रहात अशा तोडलेल्या फुलांची कपाटेच्या कपाटे आहेत. फादर सांतापाव यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींवरील आपला ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध केला, तो डोंगर पायांखाली घालून आणि फुले खुडूनच. ती फुले मेली खरी, पण साक्षीदार म्हणून मेली. न्यायालयात उभे राहणाऱ्यास या भेदाचे मोल लवकर कळते.

साक्षीवरून आठवले. कोचीनच्या डच कारभाऱ्याने, हेन्रिक व्हान रेडे याने, मलबारच्या वनस्पतींवर सिद्ध केलेला ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्याच्या पहिल्या खंडात नागरी अक्षरांतले एक कोकणी साक्षपत्र आहे. ते १६७५ सालचे असून त्याखाली रंग भट, विनायक पंडित व आपू भट या तीन वैद्यांची नावे आहेत. हे तिघे आपल्याच समाजाचे. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याचेही साक्षपत्र तेथे आहे. आपल्या पूर्वजांचा नामोल्लेख युरोपात छापला गेला याचा अभिमान आपण वेळोवेळी व्यक्त करतो. पण तो कशासाठी छापला गेला याचा विचार थोडा कमी होतो. तो वनस्पती ओळखता येत होत्या म्हणून छापला गेला. आज आपल्या देवळाच्या सभामंडपात जमलेल्या शंभर जणांपैकी किती जण अंगणाबाहेरील दहा झाडांविषयी तशी साक्ष शपथेवर देऊ शकतील?

‘देशी’ या शब्दाविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण या मंडळांतील काही उत्साही सभासद त्या शब्दाचा सोवळेओवळे केल्यासारखा वापर करतात. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात देशी वनस्पतींची संस्था १९६५ साली स्थापन झाली; बर्कलेजवळील टिल्डन उद्यानातल्या देशी वनस्पतींच्या बागेवर आलेले गंडांतर टाळण्याकरिता जमलेल्या लोकांतून ती उभी राहिली. तेथील अशा मंडळांचे लोक ज्या परक्या गवतांवर चिडून असतात, त्यांत एक आपली दूर्वा आहे. गणपतीच्या मस्तकावरील हरळी तेथे तण ठरते, आणि ते उपटून टाकणे हे पुण्यकर्म! तिकडे राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना चतुर्थीस दूर्वा मिळण्यास अडचण पडू नये ती याच कारणाने. इकडे आपल्या तोरणांतील झेंडू मेक्सिकोहून आलेला. त्याला आपण घरात घेतले आणि तोही मर्यादेने राहिला; त्यास बाहेर काढा असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. पण १९५६ च्या सुमारास पुण्यात ज्याची नोंद झाली ते गाजरगवत, आणि डोंगरच्या डोंगर व्यापणारी घाणेरी व रानमोडी, यांनी यजमानालाच घराबाहेर काढले. तेव्हा देशीपणा हा वनस्पतीच्या अंगचा गुण नसून ती ज्या मातीत, ज्या शेजाऱ्यांत राहते त्यांच्याशी तिचा व्यवहार कसा आहे यावर तो ठरतो. माणसांविषयीही हेच म्हणता येईल. पण आजचा विषय माणसांचा नाही.

आता मूळ मुद्दा. काही वर्षांपूर्वी कोकणातील एका देवस्थानाचे विश्वस्त आमच्याकडे सल्ल्यास आले होते. सभामंडपाचा जीर्णोद्धार काढला होता, आणि देवराईतील जुनी झाडे विकून त्याचा खर्च भागवावा असा बेत होता. व्यवहार कायद्यात बसतो काय, एवढेच त्यांना विचारावयाचे होते. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यात स्थावर मालमत्तेतून ‘उभे लाकूड’ वगळले आहे. शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य या १९५८ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी त्याची फोड केली आहे. झाड जमिनीतून पोषण घेत पुढे वाढत राहावयाचे असेल तर ते स्थावर. लवकरच तोडावयाचे असेल तर तेच झाड लाकूड. म्हणजे देवराईतला तो वृक्ष स्थावर की जंगम, हे वृक्षाकडे पाहून ठरत नाही. त्याच्याकडे पाहणाऱ्याच्या मनात काय आहे यावरून ठरते. कायद्याच्या पुस्तकात इतका खोल नीतिविचार आम्हांस क्वचितच आढळला आहे. पण त्या दिवशी आम्ही विश्वस्तांना दुसऱ्या एका निवाड्याची आठवण दिली. प्रमथनाथ मल्लिक यांच्या १९२५ च्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने असे धरले की, देव ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, आणि तिच्या इच्छेचा मान राखला पाहिजे. राई देवाच्या नावावर. विश्वस्त केवळ वहिवाटदार. तेव्हा मालकास विचारले आहे काय, असा प्रश्न आम्ही केला. त्यांच्यातील एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, “कौल लावून बघू या.” मग आपणच थोडे थांबून हसले. कारण कौल लावावयाचा तो पानाफुलांचाच. कळी उजवीकडे पडते की डावीकडे, यावरून देव बोलतो. ती पाने त्याच राईतून येत. देवाची वाणी ज्या झाडांतून येते, ती तोडण्याची परवानगी त्याच झाडांकडून मागावयाची होती! तो व्यवहार पुढे झाला नाही. मंडपाचे काम वर्गणीवर रेंगाळले आहे, आणि गावातील काही मंडळी त्याबद्दल अद्याप आम्हांस बोल लावतात.

वहिवाटदाराने उत्पन्न खावे, मुद्दलास हात लावू नये, हा देवस्थानांच्या कायद्याचा गाभा आहे, आणि फुलाच्या प्रश्नाचे उत्तरही आम्हांस त्यातच दिसते. फूल हे उत्पन्न. ते झाड, त्याखालची माती आणि त्याची ओळख हे मुद्दल. जो मुद्दल राखतो त्याने परडी भरून फुले न्यावीत. त्याला कोणत्याही मंडळाने अडवू नये. जो राखीत नाही, त्याने देवाचे नाव पुढे करून एक पानही खुडू नये. डॉ. वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा गावोगाव जाऊन अभ्यास केला, तेव्हा आजूबाजूचे डोंगर उघडे पडलेले असताना या रायांतून जुन्या वनस्पती तग धरून असल्याचे त्यांना दिसले. ते भयाने राखलेले होते असे कोणी म्हणतात. असेल, भयाने राखलेले मुद्दलही मुद्दलच.

या दृष्टीने आपल्या देवळांच्या आवारांकडे पाहिले की मन खट्टू होते. चकचकीत फरशी, सिमेंटचे ठोकळे, आणि त्यांत गळ्याशी आवळलेला एखादा पिंपळ. दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढावे, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणास २०१३ साली द्यावा लागला. सिद्धवटावर लोखंडाचे तवे ठोकणाऱ्याला आपण आख्यायिकेत अधर्मी म्हणतो. सिमेंट ओतणाऱ्याच्या नावाची संगमरवरी पाटी लावतो.

करावयाचे ते फार नाही. देशी वनस्पतींच्या मंडळांना सभेसाठी जागा मिळत नाही, आणि आपले सभामंडप आठवड्याचे पाच दिवस रिकामे असतात. चतुर्थीपूर्वीच्या रविवारी पत्रीची एकवीस रोपे कुंड्यांतून मांडून ओळखीचा वर्ग घेता येईल. गोव्यात माटोळीच्या निमित्ताने रानातील कितीतरी फळे-फुले घरच्या माणसांस अजून माहीत असतात. दक्षिण कानड्यात व उडुपीकडे श्रावणातील चूडीसाठी आपल्या वृद्ध स्त्रिया अजून कुंपणाकुंपणांतून दहा-बारा प्रकारची पाने-फुले निवडून केळीच्या सोपाने बांधतात. त्या स्त्रियांना व्याख्यानास बोलवावे, आणि लॅटिन नावे सांगणाऱ्यांनी त्या दिवशी समोर बसावे.

भैरवगढाविषयी एक सूचना आहे. २०२८ च्या सिंहस्थासाठी शिप्रेच्या काठी घाटांची बांधकामे चालू आहेत. उज्जैनमध्ये मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांनी घाटामागे थोडी उघडी माती मागून घ्यावी आणि तेथे आल, कुडा, पळस, धावडा ही माळव्याचीच झाडे लावावीत. छिपा कारागिरांना बरोबर घेतले तर बरे. बारतोंडीला पांढरी, सुवासिक फुले येतात ती उन्हाळ्यात. सिंहस्थाची स्नानेही चैत्र-वैशाखातच असतात.